दुसरा अर्धा

भाद्रपद लागला की माझी नजर आपोआप घड्याळाकडं जाते. सकाळी साडेदहाला लॅपटॉप उघडून मी मीटिंग सुरू करते, हजेरी घेते, साहेब बोलायला लागतात, आणि बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला मी पडद्याच्या कोपऱ्यात बघते. आता बघायचं काही कारण राहिलेलं नाही. ऑफिसनं रीतसर खातं विकत घेतलंय, मीटिंग हवी तेवढी लांबवा, कुणी अडवत नाही. एरवी वर्षभर ही सवय मला आठवतही नाही. पण हवेत ओल आली, केडगावच्या चौकातल्या गणपतीच्या मांडवाचे बांबू सुटायला लागले, पुणे रोडवरच्या खड्ड्यांतलं पाणी ट्रकवाले येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उडवायला लागले, की डोळे आपलं काम सुरू करतात. मेल्यांना कितीदा सांगितलं, तो हंगाम संपला म्हणून.

त्या हंगामाला आमच्यात कुणी पावसाळा म्हणत नाही. लम्पीचा भाद्रपद म्हणतात, माश्यांवाटे पसरणारी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारी ती साथ आली होती म्हणून.

आमची संस्था जनावरांची. म्हणजे दुधाची नव्हे. दूध घालायला लोक डेअरीवर जातात. जनावर आजारी पडलं, गाभण राहिना, लस टोचायची असली, की आमच्याकडं येतात. तालुक्याला एक सेंटर, सेंटरला एक सुपरवायझर, त्याच्या हाताखाली लस टोचणारे चार-दोन जण. मी मुख्य ऑफिसात, नगरला लागून असलेल्या केडगावात. कागद माझे, फायली माझ्या, मीटिंगचं इतिवृत्त माझं. जनावराला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि खरं सांगायचं तर मला गाईची भीतीच वाटते. नुसती मान हलवली तरी मी दोन पावलं मागं सरते. अशा बाईच्या हातात सगळ्या सेंटरांची मीटिंग. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पूर्वी महिन्यातून एकदा सगळे नगरला यायचे. हॉलमध्ये सतरंजी पडायची, मिसळ व्हायची, शेवगाव-पाथर्डीकडचे लोक तीनची एसटी गाठायच्या घाईत असायचे. लॉकडाऊनमध्ये ती मीटिंग मोबाइलवर गेली आणि परत आलीच नाही. साहेबांना ते फार मानवलं. महिन्याची मीटिंग आठवड्याची झाली आणि लम्पी आल्यावर रोजची.

अडचण एकच होती. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायची. कुणी बोलत असो, रडत असो, आकडा सांगत असो, पडदा काळा. साहेबांचं म्हणणं, फुकटात भागतंय तर विकत कशाला? मग तोडगा निघाला की दोघांच्या खात्यावर दोन लिंका काढायच्या. पहिली चाळीस मिनिटं माझ्या लिंकवर, मी होस्ट. पुढची शेवगावच्या ठोंबऱ्यांच्या लिंकवर, ते होस्ट. पहिला अर्धा साळवे मॅडमचा, दुसरा अर्धा ठोंबऱ्यांचा, असं सगळे म्हणायला लागले.

ठोंबरे म्हणजे आमचे शेवगावचे सुपरवायझर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गळ्यात कायम टॉवेल, बोलणं सावकाश. तीस वर्षं मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून वाड्या-वस्त्या केलेला माणूस. सगळ्यांत जुने तेच, म्हणून दुसऱ्या होस्टचा मान त्यांच्याकडं गेला. मला वाटलं होतं, यांना काय लॅपटॉप कळणार. पण त्यांनी आठ दिवसांत सगळं शिकून घेतलं आणि शिकल्यावर त्याचं काय कौतुक केलं! पस्तिसावं मिनिट झालं की हात वर करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मी म्होरं जाऊन मांडव घालतो." मांडव घालणं म्हणजे आपली लिंक उघडून ठेवणं. ते पाच मिनिटं आधी निघायचे, म्हणजे माझी मीटिंग बंद पडली की लोकांना बाहेर ताटकळायला नको. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. लग्नघरी आधी पोचणाऱ्या माणसाची सवय, दुसरं काय.

माझ्या अर्ध्यात शिस्त होती. हजेरी, विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन. आल्या आल्या मी सगळ्यांचे आवाज बंद करायची आणि ज्याचं नाव घेईन त्याचाच उघडायची. साहेबांना ते आवडायचं. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले की साळवे मॅडमची मीटिंग म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येईल. खोटं कशाला बोलू, घरी जाऊन मी ते दोनदा सांगितलं होतं.

ठोंबऱ्यांच्या अर्ध्यात बाजार भरायचा. कुणाचाच आवाज बंद नाही. कुठं कुकरची शिट्टी, कुठं दुधाच्या कॅनचं झाकण, कुठं वासरू हंबरतंय, कुणाच्या मागं ट्रॅक्टर. ठोंबरे एकेकाला नावानं हाक मारून विचारायचे, चहा झाला का, आईचं गुडघ्याचं कसं आहे, आणि मग कामाचं. त्यांच्या अर्ध्यात माणसं खरं बोलायची. पेटीचं झाकण तुटलंय, सुया संपल्यात, अमक्या गावात लोक दारात उभं करत नाहीत, माझ्या हातनं डोस चुकला. साहेब तोवर बहुतेक दुसऱ्या मीटिंगला गेलेले असायचे आणि मी ऑफिसच्या कागदांत. म्हणून पद्धत अशी पडली की ठोंबऱ्यांनी आपल्या अर्ध्याचं रेकॉर्डिंग दुपारपर्यंत ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं, मी ते ऐकायचं, आणि त्यातलं कामाचं इतिवृत्तात लिहून साहेबांपुढं ठेवायचं. दुसऱ्या अर्ध्यात जे काही व्हायचं ते माझ्या कानातूनच साहेबांपर्यंत जायचं. दुसरा रस्ता नव्हता.

हे मी पुन्हा पुन्हा घोकते, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातं.

त्या भाद्रपदाचे वास अजून माझ्या नाकात आहेत, आणि गंमत म्हणजे मी एकदाही गोठ्यात गेले नव्हते. लोक मीटिंगमध्ये बोलताना मागं धूर दिसायचा. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, माश्या हटवायला. चुना मारलेल्या भिंती दिसायच्या. गाईच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी, त्यांना हळद लावलेली. जनावरांचे बाजार बंद झाले होते, शेवगावच्या बाजारात म्हणे नुसती कुत्री फिरत होती. वास मला कुठून आले कोण जाणे. ऑफिसात आम्ही फिनाईल टाकून फरशी पुसायचो, तेवढाच काय तो वास.

लोक रडायचे. सोनईकडची एक लस टोचणारी बाई होती, तिनं एका सकाळी बोलता बोलता हुंदका दिला आणि मी तिचा आवाज बंद केला. वाईट हेतूनं नाही. मला वाटलं, तिलाच संकोच होत असेल. आणि दुसरं, रडणं इतिवृत्तात कसं लिहायचं ते मला माहीत नव्हतं. नंतर ठोंबऱ्यांच्या अर्ध्यात ती पोटभर रडली. रेकॉर्डिंगमध्ये मी ते ऐकलं, तेव्हा मागं कुणीच बोलत नव्हतं. सगळे गप्प थांबले होते. मी ते मिनिट पुढं ढकललं.

अनंत चतुर्दशी झाली, पक्ष लागला. ऑफिसच्या गच्चीवर कुणी ना कुणी कावळ्याला पान ठेवायचं आणि कावळे येता येत नव्हते. त्या पंधरवड्यातल्या एका बुधवारची ही गोष्ट. मीटिंग सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. साहेब आकडे विचारत होते, किती जनावरं टोचली, किती राहिली. वरून त्यांनाही विचारणा होत होती, त्यामुळं ते जरा चिडलेलेच होते. तेवढ्यात ठोंबऱ्यांनी हात वर केला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग त्यांनी मला एकटीला निरोप लिहिला. मराठी टाइप करायला त्यांना वेळ लागायचा, पण त्यांनी लिहिलं होतं: मॅडम दोन मिनिटं द्या, समद्यांपुढं बोलायचंय, साहेब असतानाच.

मी लिहिलं: तुमच्या अर्ध्यात बोला.

आता वाटतं, दोन मिनिटं काय होती? पण त्या वेळी माझा विषय क्रमांक दोन चालू होता, आणि ठोंबरे दोन मिनिटं म्हणाले की पंधरा घेतात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. त्यांनी हात खाली घेतला. पस्तिसाव्या मिनिटाला रिवाजाप्रमाणं ते मांडव घालायला निघून गेले. त्या दिवशी तसं म्हणाले मात्र नाहीत, नुसते गेले.

ते गेले आणि तीनच मिनिटांनी साहेबांचा फोन वाजला. ते उठले, म्हणाले की आज एवढं पुरे, दुसरा अर्धा नको, सगळ्यांनी वस्त्यांवर निघा. लोकांना हायसं वाटलं. मी 'धन्यवाद' म्हणून मीटिंग बंद केली. ठोंबऱ्यांना कळवायचं राहिलं. अगदी राहिलं असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी टाकलं की आज दुसरं सत्र नाही. मनात म्हटलं, बघतील. फोन करायला हवा होता. पण ठोंबरे लॅपटॉपला मोबाइलचंच नेट जोडून बसायचे आणि फोन आला की त्यांचं नेट तुटायचं, म्हणून मीटिंगच्या वेळात त्यांना कुणी फोन करायचा नाही असं ठरलं होतं. म्हणजे माझ्याकडं कारण होतं. कारण माझ्याकडं नेहमी असतं.

दुपारी फोल्डरमध्ये त्यांचं रेकॉर्डिंग येऊन पडलं. रोजच्यासारखं, तारीख घालून, 'दुसरा अर्धा' असं नाव देऊन. एकतीस मिनिटांचं. मला हसूच आलं. दुसरा अर्धा झालाच नाही तर रेकॉर्डिंग कशाचं? म्हटलं, बंद करायला विसरले असणार, झाडाखाली डुलकी लागली असणार. फाईल उघडली नाही. इतिवृत्तात लिहिलं: दुसरे सत्र झाले नाही.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. साहेब दारात उभे होते, त्यांना गाडीत बसायच्या आधी एक तक्ता हवा होता, प्रिंटर कागद चावत होता. ठोंबऱ्यांनी विचारलं, "मॅडम, बुधवारचं रेकॉर्डिंग ऐकलं का?"

"ऐकलं की," मी म्हणाले.

"मग साहेबांना..."

"त्यांच्या कानावर घातलंय."

मग ते म्हणाले, "लई बरं झालं, मॅडम. वझं उतरलं डोक्यावरचं." आणि फोन ठेवला.

ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला मी हे समजावून सांगायची गरज नाही. कानावर घातलंय, टेबलावर आहे, पाठवलंय, बघते. ही वाक्यं आम्ही बोलत नाही, ती तोंडातून आपोआप पडतात. समोरच्यालाही ठाऊक असतं. पण ठोंबरे ऑफिसातले नव्हते. ते मोटरसायकलवरचे होते. त्यांनी माझा शब्द जसाच्या तसा घेतला. मला वाटलं, सुयांची नाहीतर झाकणाची तक्रार असेल, उद्या बघू. उद्या दुसरं काही निघालं.

त्यानंतर ठोंबऱ्यांच्या अर्ध्यातला बाजार उठला. होस्ट तेच, पण कॅमेरा बंद. चहा झाला का, विचारणं बंद. नावं वाचायचे, आकडे घ्यायचे, संपवायचे. ठोंबरे मांडव घालायला गेले की माझी मीटिंग बंद पडायच्या आधीची तीन मिनिटं मी आवाज खुले सोडायची, लोक आपसात बोलायचे, तेव्हा उडत उडत कळलं की त्यांच्या बहिणीच्या वस्तीवर लम्पी शिरलाय, बरीच जनावरं गेली, बहिणीची हरणी नावाची गाय गेली. बहीण त्यांच्यावर बिथरलीय म्हणे. मी 'अरेरे' म्हणाले. जनावरं तर सगळीकडंच जात होती.

दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. दोन वर्षं होती, तरी सोडली. मला एवढाच निरोप आला: माझा अर्धा आता तुमीच घ्या. मला राग आला, खरंच आला. दोन्ही अर्धे माझ्या गळ्यात पडले होते. घरातल्या माणसाच्या नावानं दुसरं खातं काढून मीच इकडून उठून तिकडं होस्ट व्हायला लागले. तीन मिनिटांची ती मधली गंमत संपली. कुणी चहा झाला का विचारेना, आणि माझ्या दोन्ही अर्ध्यांत टाचणी पडलेली ऐकू यायला लागली.

फाल्गुनात साहेबांनी एकदाचं खातं विकत घेतलं. बैल गेला अन् झोपा केला. जुन्या रेकॉर्डिंगांनी फोल्डर भरलं होतं, ते रिकामं करायचं काम माझ्याकडं आलं. पुसण्याआधी एकेक उघडून बघत होते. दुपारची वेळ, शेजारी डबा उघडलेला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती एकतीस मिनिटांची फाईल उघडली.

ठोंबरे लिंबाच्या झाडाखाली बसलेत. मागं सेंटरचा पत्रा, त्यावर पावसाचे थेंब वाजतायत. गळ्यातल्या टॉवेलनं ते लॅपटॉपचा पडदा पुसतात आणि वाट बघतात. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मधून मधून पुढं वाकून बघतात, कुणी आलं का. एकदा म्हणतात, "कुनी हाय का? आवाज येतोय का माझा?" मग पुन्हा मागं टेकून बसतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास ते टॉवेल नीट करतात, सरळ बसतात आणि बोलायला लागतात.

"नमस्कार. शेवगाव सेंटर, ठोंबरे बोलतोय. कुनी आल्यालं न्हाई, रेंज नसंल. पन रेकॉर्डिंग चालू हाय आन साळवे मॅडम समदं ऐकत्यात, म्हून बोलून घेतो. सोमवारी आमच्या फ्रिजची लाईट रातभर गेल्ती. सकाळी पेटीतल्या बर्फाचं पानी झाल्यालं मी सोता पाह्यलं. तरी तीच लस घिऊन मी वस्तीवर गेलो. बहीन दोन दिस फोन करीत हुती, समदी वस्ती वाट बघत हुती. मला वाटलं, चालंल. ते चालत न्हाई. तीस वर्सं मी हेच शिकिवलं पोरांना, गरम झाल्याली लस म्हंजी पानी. चूक माझी हाय. तिथली समदी जनावरं पुन्हा टोचाया पायजेत, नवी लस लगोलग पाठवा. वस्तीला मी सांगतो, ऑफिसला कळिवलंय म्हून. मला काय शिक्षा द्यायची ती मागून द्या."

चटणी तोंडातच राहिली. मी फाईल तिथंच बंद केली, शेवटपर्यंत बघायचा धीर झाला नाही. डबा झाकला. दुपारभर तक्ते भरले. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकही केला.

म्हणजे ठोंबरे समजत होते की मी ऐकलंय. साहेबांना कळलंय. आणि कळूनही ऑफिसनं लस पाठवली नाही, प्रकरण दाबलं. साहेबांना चारचौघांत उघडं कसं पाडायचं म्हणून ते गप्प राहिले. आणि वस्तीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की नवी लस येतेय. वस्ती वाट बघत बसली. लस आली नाही, माश्या आल्या.

तुम्ही म्हणाल, मग लगेच उठून गेली असशील. नाही गेले. ती फाईल मी पेनड्राइव्हमध्ये घेतली, पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला, आणि ती पर्स घेऊन चैत्र काढला, वैशाख काढला, आषाढ-श्रावण काढले. साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांना काय सांगायचं? ताकाला जाऊन भांडं लपवणं काय असतं ते मी त्या सहा महिन्यांत शिकले. शेवटी पुन्हा भाद्रपद लागला, पुन्हा फिनाईल, पुन्हा पस्तिसावं मिनिट, आणि मला जेवण जाईना. एका रविवारी उठले आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन शेवगावच्या एसटीत बसले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, कुठं बाजरीची कणसं खुडायचं चाललं होतं. ऊन-पाऊस आलटून पालटून पडत होता. खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होते. माझ्यासारख्या बाईला वाक्यं जुळवायला काय लागतं? इतिवृत्तं लिहून हात बसलाय. पण शेवगाव येईपर्यंत एकही धड जुळलं नाही.

ठोंबऱ्यांनी मला बघून खुर्ची झटकली, पाणी दिलं. वाळले होते. घरात ते एकटेच; बायको मागंच गेलेली, मुलगा पुण्याला. त्यांना मी फोनवरच सांगून ठेवलं होतं की मंदाबाईंनाही बोलवा, त्यांच्या बहिणीला. ऑफिसची बाई येतेय म्हणून त्या आल्या, पण उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसल्या होत्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. भाऊ खोटं बोलला, ऑफिसला न कळवताच कळवलं म्हणाला आणि समद्या वस्तीला झुलवत ठेवलं, एवढंच त्या धरून बसल्या होत्या. मागच्या भाऊबीजेला ठोंबरे त्यांच्या दारात गेले, तर त्या म्हणाल्या होत्या की मला भाऊ न्हाई. हे मंदाबाईंनीच मला सांगितलं, न रडता, सरळ.

मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला, उंबऱ्याकडं तोंड करून. सुरुवातीचं वाट बघणं पुढं ढकलून एकोणिसाव्या मिनिटापासून लावलं. ठोंबऱ्यांचा तिथला आवाज घरात घुमला, नमस्कार, शेवगाव सेंटर, ठोंबरे बोलतोय. मंदाबाई आधी दुसरीकडं बघत होत्या. 'बहीन दोन दिस फोन करीत हुती' आलं तेव्हा त्यांनी मान वळवली. 'चूक माझी हाय' आलं तेव्हा पदर तोंडावर घेतला. बोलणं संपल्यावर त्या उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या, भावाकडं न बघता चुलीपाशी गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही.

मला वाटलं, झालं. एवढ्यासाठीच तर आले होते. माझा श्वास मोकळा झाला म्हणा ना.

ठोंबरे लॅपटॉपकडंच बघत होते. मग हळूच म्हणाले, "पन तुमी तर हे तवाच ऐकलं हुतं ना, मॅडम?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एकदा म्हणून झालंच होतं, तेच पुन्हा म्हणायचं. साहेब तर बदलून गेले होते, त्यांच्या डोक्यावर सगळं घालून मोकळी झाले असते. जीभ वळतही होती.

"नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. फाल्गुनात ऐकलं पहिल्यांदा."

त्यांनी रागानं बघावं असं मला वाटत होतं. ते रागावले नाहीत. टॉवेलाची दोन टोकं हातात धरून बसले. बोलले ते माझ्याशी नाही, जमिनीकडं बघत. "साहेबांनी दाबलं, दाबू द्या, मी म्हनायचो. येका मानसानं तरी ऐकलंय. साळवे मॅडमला ठाव हाय की मी बोल्लो हुतो. त्याच्यावर वरीस काढलं." मग म्हणाले, "म्हंजी तवा कुनीच नव्हतं."

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. बोलणं संपवूनही ते उठले नव्हते. ते मला तिथं पहिल्यांदाच दिसलं. पडद्यावरचे ठोंबरे झाडाखाली बसून होते, पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत होते, आणि आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ते पुढं वाकून बघत होते. मी बंद करायला हात पुढं केला, तर ठोंबऱ्यांनी मला अडवलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "सरू द्या आता."

मग आम्ही दोघं बघत बसलो. आत आधण उकळत होतं. सहा-सात मिनिटं पडद्यावरचा माणूस नुसता वाट बघत होता. शेवटी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, दोन्ही हात जोडून रिकाम्या मीटिंगला नमस्कार केला आणि स्वतःशीच पुटपुटले, "चला. साळवे मॅडम ऐकत्याल." मग त्यांचा हात पुढं आला आणि पडदा काळा झाला.

मंदाबाई चहा घेऊन आल्या. थाळीत तीन कप होते. पहिला त्यांनी माझ्यापुढं धरला.